'द ब्लेअर विच प्रोजेक्ट': जंगलातले आठ दिवस आणि पंचवीस वर्षांचा हिशेब

ऑक्टोबर १९९७मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील सेनेका क्रीक वनोद्यानात तीन अप्रसिद्ध नट पाठीवर तंबू, खांद्यावर कॅमेरे आणि हातात नकाशा घेऊन शिरले. पुढच्या आठ दिवसांत त्यांनी स्वतःच जे चित्रित केले, त्या सुमारे वीस तासांच्या सामग्रीतून ८१ मिनिटांचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा चित्रपट उभा राहिला. जुलै १९९९मध्ये तो प्रदर्शित झाला आणि जगभरात त्याने सुमारे २४ कोटी ८६ लाख डॉलरचा गल्ला जमवला. चित्रीकरणाचा मूळ खर्च वेगवेगळ्या हिशेबांनुसार ३५ ते ६० हजार डॉलरच्या घरात होता. पुढे ध्वनिसंस्कार, संकलन आणि पडद्यासाठीची प्रत यांवर वितरकाने बरीच मोठी रक्कम घातली, तरीही खर्च आणि मिळकत यांतील अंतर एवढे प्रचंड राहिले की या चित्रपटाविषयीची चर्चा बहुतेक वेळा त्या अंतराभोवतीच घुटमळते.

या चर्चेत दोन ठरलेली मते ऐकू येतात. एक मत असे की काही हौशी पोरांनी हलणाऱ्या कॅमेऱ्याने काहीतरी टिपले आणि त्यांना लॉटरी लागली. दुसरे असे की सगळी करामत इंटरनेटवरच्या प्रचाराची होती आणि चित्रपटात दम नव्हता. ही दोन्ही मते मला मान्य नाहीत. या चित्रपटातील भीती अत्यंत विचारपूर्वक रचलेल्या कार्यपद्धतीतून आली आहे, आणि प्रचार हा त्याच पद्धतीचा पडद्याबाहेरचा विस्तार होता. मात्र त्या पद्धतीचा सारा भार ज्या तिघांच्या शरीरावर आणि नावांवर पडला, त्यांचे श्रेय ओळखणारी व्यवस्था कोणत्याही करारात नव्हती. या प्रकरणाच्या दोन बाजू म्हणूनच एकत्र वाचल्या पाहिजेत.

पैसा नसताना भीती कुठून आणायची

या चित्रपटाचे दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे फ्लोरिडातील ऑरलँडो येथे, सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेत होते. अलौकिक घटनांवरचे माहितीपट आपल्याला काल्पनिक भयपटांपेक्षा जास्त घाबरवतात, हे १९९३च्या सुमारास त्यांच्या बोलण्यातून पुढे आले आणि त्यातूनच कल्पना सुचली. माहितीपटात प्रकाश ओबडधोबड असतो, माणसे अडखळत बोलतात, कॅमेरा घटनेपर्यंत उशिरा पोहोचतो. आणि नेमक्या याच उणिवांमुळे पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला या उणिवा फुकट मिळतात, फक्त त्या कथेच्या कामाला जुंपता आल्या पाहिजेत. मायरिक आणि सांचेझ यांनी ग्रेग हेल, रॉबिन काउई आणि मायकेल मोनेलो या साथीदारांसह हॅक्सन फिल्म्स ही संस्था काढली आणि हेच केले.

त्यांनी आधी कथा लिहिली नाही. आधी दंतकथा रचली. १७८५ साली ब्लेअर नावाच्या वस्तीतून चेटकीण ठरवून हाकललेली एली केडवर्ड ही स्त्री, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात बेपत्ता होणारी माणसे, आणि विसाव्या शतकाच्या चाळिशीच्या सुरुवातीला सात मुलांचा जीव घेणारा रस्टिन पार हा एकांतवासी. यातले एक अक्षरही खरे नाही. दंतकथा मात्र बर्किट्सव्हिल या खऱ्याखुऱ्या, दोनशेहून कमी वस्तीच्या गावाला चिकटवली गेली, आणि तीन विद्यार्थी तिच्यावर माहितीपट करण्यासाठी ऑक्टोबर १९९४मध्ये रानात गेले ते परतलेच नाहीत, वर्षभराने त्यांच्या फिती तेवढ्या सापडल्या, अशी चौकट ठरली. प्रेक्षक जे पाहतो आहे ते म्हणजे त्या सापडलेल्या फिती. ही युक्ती सर्वस्वी नवी नव्हती. १९८०च्या एका इटालियन चित्रपटाने ती वापरली होती. तिच्या सर्व अटी शेवटपर्यंत पाळण्याचा निश्चय मात्र नवा होता. पार्श्वसंगीत नाही, पात्रांच्या हाती असलेल्या कॅमेऱ्याखेरीज दुसरा डोळा नाही, आणि पात्रांना जे कळत नाही ते प्रेक्षकालाही कळणार नाही.

रानातली यंत्रणा

लिहून काढलेला आराखडा सुमारे ३५ पानांचा होता आणि त्यात संवाद नव्हते. संवाद नटांनी त्या त्या क्षणी बोलायचे होते. निवडचाचणीला आलेल्या माणसाला एकदम सांगितले जाई, की तू नऊ वर्षांच्या शिक्षेतली सात वर्षे भोगली आहेस, आम्ही तुला पॅरोलवर का सोडावे ते सांग. जो विचार करायला थांबला तो बाद. या चाळणीतून हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स हे तिघे निवडले गेले. चित्रपटातील पात्रांनाही त्यांचीच खरी नावे देण्यात आली. हा निर्णय त्या वेळी किरकोळ वाटला असावा. त्याचे परिणाम पुढे येतीलच. (या लेखात पात्रांचा उल्लेख हेदर, जोश, माइक असा पहिल्या नावाने आणि नटांचा आडनावाने केला आहे.)

चित्रीकरणाची रीत ग्रेग हेल यांच्या लष्करी प्रशिक्षणाच्या आठवणींवर बेतलेली होती. त्या प्रशिक्षणात शिकाऊ सैनिकाला अनोळखी मुलखात सोडून 'शत्रू' तीन दिवस त्याचा माग काढत असे. इथे तिघांच्या हाती जीपीएस यंत्र होते आणि त्यात पुढचे मुक्काम नोंदलेले होते. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर त्यांना दुधाच्या बाटल्या ठेवतात तसला प्लास्टिकचा क्रेट सापडे. त्यात नव्या फिती, बॅटऱ्या, दिवसाचे खाणे आणि फिल्मच्या तीन छोट्या डब्या असत. प्रत्येक डबीत एकेकासाठी चिठ्ठी, आणि ती फक्त त्यानेच वाचायची. आज दक्षिणेकडेच जायचा हट्ट धर, असे एकाला सांगितलेले असावे आणि आता तिचे काहीही ऐकू नकोस, असे दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था होती. समोरच्याच्या चिठ्ठीत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे चित्रपटातील भांडणे पाठ केलेल्या वाक्यांसारखी वाटत नाहीत. माणसे एकमेकांचे बोलणे तोडतात, मुद्दा सोडून टोमणे मारतात, मधेच गप्प होतात. दिवस पुढे सरकले तसे क्रेटमधले खाणे कमी कमी होत गेले. शेवटी शेवटी थोडी फळे आणि एखादी पोषक वडी एवढ्यावर भागवावे लागले. चेहऱ्यावरचा थकवा आणि आवाजातली चिडचिड रंगवावी लागली नाही.

सुरक्षेची सोयही होती. तिघांपैकी कोणाला भूमिकेतून बाहेर यायचे असेल तर त्याने 'टाको' हा शब्द उच्चारायचा आणि बाकीच्या दोघांनीही तत्क्षणी अभिनय थांबवायचा, असे ठरले होते. आजच्या मोजमापाने ही व्यवस्था अपुरी आहे आणि कोणत्याही निर्मात्याने तिचे आंधळे अनुकरण करू नये असे मला ठामपणे वाटते. अन्न कमी करणे आणि झोप मोडणे यांत कलात्मक थोरवी शोधणाऱ्यांचे कौतुक मला पटत नाही. तरीही हे लोक बेफिकीर होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिग्दर्शक आणि साथीदार दिवसभर नजरेआड राहून तिघांच्या मागावर असत आणि रात्री तंबूभोवती कामाला लागत.

त्या रात्रींपैकी एक जवळून पाहण्यासारखी आहे. तिघे तंबूत झोपलेले असताना बाहेरून लहान मुलांचे आवाज येऊ लागतात. ते आवाज टेपरेकॉर्डरवर वाजवलेले होते. तंबूचे कापड बाहेरून हलते, कोणीतरी हातांनी दाबते, आणि तिघे धडपडत अंधारात धावत सुटतात. पळता पळता हेदर किंचाळून विचारते, की ते काय आहे. कॅमेरा त्या दिशेला वळत नाही. प्रत्यक्षात त्या बाजूला कलादिग्दर्शक पांढरे कपडे घालून आणि डोक्यावर पांढरे मोजे ओढून धावत होता, म्हणजे दाखवायला काहीतरी होते. ते चौकटीत आले नाही आणि दिग्दर्शकांनी ते पुन्हा चित्रित केले नाही. पांढऱ्या कपड्यातला माणूस पडद्यावर आला असता तर प्रेक्षकांना हसू फुटले असते. आता मात्र हेदरने काय पाहिले हे ठरवण्याचे काम प्रेक्षकावर पडते, आणि ते तो आपापल्या बालपणीच्या भीतीतून पार पाडतो.

कॅमेऱ्यांची विभागणीही याच हेतूने केलेली होती. 'खऱ्या' माहितीपटासाठी १६ मि.मी.चा कृष्णधवल फिल्म कॅमेरा आणि पडद्यामागचे क्षण टिपण्यासाठी हाय-एट जातीचा रंगीत व्हिडिओ कॅमेरा. फिल्म कॅमेऱ्यातून गावकऱ्यांच्या मुलाखती आणि हेदरचे सजवलेले निवेदन दिसते, तर व्हिडिओतून तिघांचे खरे वागणे. रानात जसजसे हाल वाढतात तसतसा माहितीपट मागे पडतो आणि उरते ते केवळ व्हिडिओचे साक्षीदारपण. अनेक ठिकाणी पडदा काळाच राहतो आणि ध्वनिमुद्रण यंत्राने टिपलेला आवाज तेवढा चालू असतो. अंधाऱ्या सभागृहात काळा पडदा आणि दुरून येणारा फांद्या मोडल्याचा आवाज एवढ्या सामग्रीवर प्रेक्षकाला खिळवून ठेवणे सोपे नव्हते.

चित्रपटातील एक प्रसंग मराठी वाचकाला मुद्दाम समजावून सांगावा लागणार नाही. होकायंत्र हाती धरून तिघे दिवसभर सरळ दक्षिणेकडे चालतात आणि संध्याकाळी ओढ्यावर आडव्या पडलेल्या त्याच ओंडक्यापाशी येऊन पोहोचतात, जो त्यांनी सकाळी ओलांडला होता. रानात चकवा लागल्याच्या गोष्टी कोकणापासून विदर्भापर्यंत सांगितल्या जातात त्या याच घडणीच्या असतात. भूत दिसत नाही, फक्त वाट संपत नाही. नकाशा आधीच गेलेला असतो. तो आपणच वैतागून लाथेने ओढ्यात उडवला असे माइक कबूल करतो आणि हसत सुटतो. चेटकिणीने काहीही करण्यापूर्वी तिघांच्या आपसातल्या वैतागाने त्यांचा घात केलेला असतो, आणि मला हा भाग चित्रपटात झाडांना टांगलेल्या कोणत्याही काठ्यांच्या बाहुलीपेक्षा अधिक भयंकर वाटतो.

कोपऱ्यातला माणूस

जोश एका रात्री नाहीसा होतो. नंतर हेदरला तंबूबाहेर काटक्यांची एक मोळी सापडते. ती त्याच्या शर्टाच्या चिंधीने बांधलेली असते आणि आत रक्ताळलेले दात व केस असतात. ती हे माइकपासून लपवते. (दात खरे होते, दंतवैद्याकडून मिळवलेले.) त्यानंतर तिचा तो प्रसिद्ध कबुलीजबाब येतो, ज्यात ती सर्वांच्या आयांची क्षमा मागते. डोनाह्यू यांना वाटत होते की आपला पूर्ण चेहरा चौकटीत येत आहे. प्रत्यक्षात आला फक्त एक डोळा, वाहणारे नाक आणि टोपीची कड. चित्रपटाची ओळख बनलेली ही चौकट नटीने स्वतः अंधारात हाताने धरलेल्या कॅमेऱ्यातून आलेली आहे, हे पुढच्या हिशेबात लक्षात ठेवावे लागेल.

शेवट एका पडक्या घरात होतो. भिंतींवर लहान हातांचे ठसे आहेत. हेदर जिना उतरून तळघरात येते, तेव्हा माइक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून निश्चल उभा दिसतो. तिचा कॅमेरा खाली पडतो आणि चित्रपट संपतो. हा शेवट वितरकांना गोंधळात टाकणारा वाटला. त्यांनी पैसे देऊन पर्यायी शेवट चित्रित करवले. एकात माइक फासावर लटकलेला, दुसऱ्यात काठ्यांच्या मोठ्या आकृतीवर टांगलेला, असे ते प्रकार होते. दिग्दर्शकांनी मूळ शेवटच ठेवला आणि त्याऐवजी सुरुवातीला मुलाखतीची एक भर घातली, ज्यात एक गावकरी सांगतो की रस्टिन पार मुलांना जोडीने तळघरात नेई आणि एकाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभे करी. सुरुवातीला सहज कानावर पडलेले हे वाक्य शेवटी अर्थ घेऊन परतते. शेवट समजावून सांगण्यासाठी शेवटाला हात लावायचा नाही, सुरुवात दुरुस्त करायची, हा पटकथेतला फार मोलाचा निर्णय होता.

संकलनाला आठ महिन्यांहून अधिक काळ लागला. सुरुवातीला योजना वेगळी होती. सापडलेल्या फितींभोवती तज्ज्ञ, नातेवाईक आणि बातम्या यांचा खोटा माहितीपट असणार होता. फितींमध्ये एवढी ताकद दिसली की बाकीचे सारे काढून टाकले गेले. ती काढलेली सामग्री पुढे टीव्हीवरील स्वतंत्र कार्यक्रमात वापरली गेली.

प्रचार आणि पैसा

चित्रपट जानेवारी १९९९मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि आर्टिझन एंटरटेनमेंट या वितरक कंपनीने तो ११ लाख डॉलरना विकत घेतला. त्याआधीच, १९९८मध्ये, हॅक्सनने संकेतस्थळ सुरू केले होते आणि त्यावर चेटकिणीच्या दंतकथेचा कालपट, पोलिसांची म्हणून कागदपत्रे, तिघांची बालपणीची छायाचित्रे असे सारे मांडले होते. महोत्सवात 'बेपत्ता' असल्याची पत्रके वाटली गेली. चित्रपटांच्या माहितीच्या एका मोठ्या संकेतस्थळावर नटांची नोंद बेपत्ता, बहुधा मृत, अशी होती. इंटरनेट घरोघरी नुकते पोहोचत होते आणि तिथे वाचलेले पडताळून पाहण्याची सवय लोकांना जडलेली नव्हती. १४ जुलै १९९९ रोजी मोजक्या ठिकाणी प्रदर्शन सुरू झाले. पहिल्या आठवडाअखेरीस अवघ्या २७ चित्रपटगृहांतून १५ लाख डॉलर जमा झाले. ३० जुलैला तो १,१०१ चित्रपटगृहांत पोहोचला आणि त्या आठवडाअखेरीस २ कोटी ९२ लाख डॉलर मिळाले. प्रेक्षकांचे मत मात्र दुभंगलेले होते. पहिल्या प्रेक्षकांच्या सर्वेक्षणात त्याला 'सी प्लस' अशी सामान्य श्रेणी मिळाली आणि हलत्या कॅमेऱ्याने अनेकांना मळमळले. बर्किट्सव्हिलमध्ये गावाच्या पाट्या चोरीला जाऊ लागल्या आणि दफनभूमीत अनोळखी लोक रात्री-बेरात्री फिरू लागले.

तिघांचा हिशेब

या सगळ्या काळात तिघे नट जिवंत होते, आणि त्यांनी तसे दिसू नये अशी अपेक्षा होती. प्रदर्शनाच्या सुरुवातीच्या काळात त्यांना मुलाखतींपासून दूर ठेवण्यात आले, कारण एखादा 'मृत' माणूस टीव्हीवर हसत बोलला असता तर प्रचाराचा डोलारा कोसळला असता. डोनाह्यू यांच्या आईला सांत्वनाची पत्रे आली. नव्या नटाच्या आयुष्यात पहिल्या मोठ्या यशाचे महिने काय मोलाचे असतात हे कोणत्याही रंगकर्मीला ठाऊक आहे. या तिघांचे ते महिने बेपत्ता असण्यात गेले.

चित्रपटाने दहा कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला तेव्हा वितरकाकडून त्यांना फळांची परडी आली, असे त्यांनी पुढे सांगितले. खरी नावे वापरल्यामुळे आणखी एक पेच उभा राहिला. पात्र हे निर्मात्याच्या मालकीचे आणि पात्राचे नाव हेच माणसाचे नाव, मग त्या नावावर हक्क कोणाचा? २०००मध्ये घाईघाईने आलेल्या पुढच्या भागाच्या वेळी आपली नावे आणि प्रतिमा परवानगीविना वापरल्याची तक्रार घेऊन तिघे न्यायालयात गेले. तडजोडीत प्रत्येकाला सुमारे ३ लाख डॉलर मिळाले, तेही काही वर्षांत विभागून. डोनाह्यू यांना १९९९ सालच्या सर्वांत वाईट अभिनेत्रीचा उपहासात्मक पुरस्कार देण्यात आला. तो मला आजही संतापजनक वाटतो, कारण ज्या चिवट, हट्टी, कॅमेरा खाली न ठेवणाऱ्या मुलीमुळे चित्रपट उभा आहे ती त्यांनी संवादाशिवाय, दिग्दर्शकाशिवाय, उपाशीपोटी साकारली होती. पुढे त्यांनी अभिनय सोडला आणि नावही बदलले.

इथे एक प्रामाणिक प्रतिवाद ऐकून घ्यायला हवा. तिघांनी करारावर सह्या केल्या होत्या, त्या वेळी कोणालाही यश दिसत नव्हते, आणि जोखीम हॅक्सनच्या पाच जणांनी उचलली होती. हे सारे खरे आहे. पण नेहमीच्या करारात नटाचे काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले वाक्य दुसऱ्याने लावलेल्या कॅमेऱ्यासमोर बोलणे, असे गृहीत धरलेले असते. इथे वाक्ये नटांची होती, चौकटी नटांच्या होत्या, चित्रपटातील जवळजवळ प्रत्येक प्रतिमा त्यांच्या हातून निघालेली होती. लेखन आणि छायाचित्रण यांचे काम करवून घेतले आणि मोबदला केवळ अभिनयाचा ठरवला, ही त्या करारातली खरी उणीव आहे. आज मोबाइलवर, दोन-चार मित्रांना घेऊन, आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या रानात असा चित्रपट करू पाहणाऱ्या मराठी मुलांनी कॅमेऱ्याची तयारी करण्याआधी या कलमाची करावी. कोण काय लिहिणार, कोण काय टिपणार, आणि चित्रपट चालला तर कोणाला किती, हे पहिल्या दिवसाच्या आधी कागदावर यावे. पात्रांना नटांची खरी नावे देऊ नयेत.

एप्रिल २०२४मध्ये लायन्सगेट या कंपनीने, जिच्याकडे आर्टिझनचे हक्क आले होते, भयपट काढणाऱ्या ब्लमहाउस कंपनीसह नव्या ब्लेअर विच चित्रपटाची घोषणा केली. त्यावर तिघांनी जाहीर पत्र लिहून तीन मागण्या मांडल्या: मूळ कामाचा पूर्वलक्षी मोबदला, त्यांच्या नावांशी व प्रतिमांशी जोडलेल्या पुढच्या प्रकल्पांत सल्लामसलत, आणि नवोदित चित्रपटकर्त्यासाठी दरवर्षी ६० हजार डॉलरचे अनुदान, म्हणजे साधारण मूळ चित्रपटाच्या खर्चाएवढेच. मायरिक, सांचेझ आणि हॅक्सनमधील त्यांच्या साथीदारांनी त्याच महिन्यात निवेदन काढून, हक्क कंपनीचे असले तरी या तिघांचे योगदान मोठे आहे असे नमूद केले आणि त्यांच्या मागणीला पाठिंबा दिला.